ओट्याखालचा खर्च

नवरात्राच्या सुमारास किचनच्या जाहिराती सुरू होतात. चकचकीत लाल शटर, मधोमध सुटा ओटा, त्यावर टोपलीभर सफरचंदं. या फोटोंत कुकर कधी दिसत नाही, तेलाची किटली दिसत नाही, डाळ-तांदळाचे डबे तर नाहीतच. शोरूममधून बाहेर पडताना हातात तीन-साडेतीन लाखांचं कोटेशन असतं आणि घरी असतं सात बाय आठचं स्वयंपाकघर, एका भिंतीला खिडकी, दुसरीला फ्रिज.

एवढ्याशा जागेत, दीड लाखाच्या आतबाहेर, वीस वर्षं टिकेल असं किचन होतं का? पुणे, नाशिक, कोल्हापूरकडचे सुतार आणि ट्रॉलीवाले ते रोज करून देतात. फक्त पैसा कुठे ओतायचा आणि कुठे हात आखडायचा, हे गिऱ्हाइकाला आधी ठाऊक हवं.

पहिली गोची कोटेशनमध्येच होते. ‘स्क्वेअर फुटाचा भाव’ सगळेच सांगतात, पण स्क्वेअर फूट कशाचा, ते कुणी आपणहून सांगत नाही. कुणी फक्त समोर दिसणारी शटरं मोजतो, कुणी आतल्या पेटीचं सगळं प्लाय मोजतो, तर कुणी धावत्या फुटावर भाव लावतो. समजा ओटा दहा फूट लांब आहे. खाली अडीच फूट उंचीची शटरं म्हणजे २५ चौरस फूट, वर दोन फूट उंचीची कपाटं म्हणजे २०. एकूण ४५. समोरच्या मापाने १,५०० रुपये भाव धरला तर ६७,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२,१५० रुपये, म्हणजे ७९,६५०. शेजारचा दुकानदार १,१०० रुपयेच म्हणतो, पण तो बाजूच्या आणि मागच्या फळ्याही मोजणार असेल तर त्याचं बिल याच्यावर जातं. शिवाय कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘हार्डवेअर वेगळं’ असतं. म्हणून एकच नकाशा तिघांना द्यावा आणि पेट्या, शटर, ट्रॉल्या, बिजागऱ्या, सिंक, मजुरी असं सुटं सुटं लिहून मागावं. जो लिहून द्यायला कुरकुरतो, त्याचा चहा पिऊन निघावं.

‘मॉड्युलर’ हा शब्द घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी मराठी मध्यमवर्गाने आपला तोडगा काढला होता. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या, त्यांचेच आडवे कप्पे, वर ग्रॅनाइट. पुढे हौस आणि पैसे जमले की त्या खणांत ट्रॉल्या आणि बाहेरून शटर. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचं नाव लावणारा हा काळा दगड पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि सिंकखालचा पाइप महिनाभर गळला तरी तो जागचा हलत नाही. कोकणात किंवा मुंबईत, जिथे पावसाळ्यात मीठही पाझरतं, तिथे ही गोष्ट लहान नाही. शोरूमचा डिझायनर याला ‘जुनी पद्धत’ म्हणतो. त्यात सौंदर्यदृष्टी असेलही, पण ओट्याखालची पेटी कडप्प्याची झाली की त्याचं मोठं बिल बुडतं, हाही हिशेब असतोच.

दगडाचे तोटेही आहेत. त्यात स्क्रू धरत नाही. ट्रॉलीच्या चॅनेलसाठी आतून पट्ट्या किंवा चौकट बसवावी लागते आणि तेवढी रुंदी जाते. घर बदललं तर दगड तिथेच राहतो. गवंड्याने खणांची मापं अर्धा-पाऊण इंच तिरकी केली, तर पुढचा ट्रॉलीवाला त्याच्या नावाने बोटं मोडतो. म्हणूनच टाइल्स लागून ओटा बसल्याशिवाय ट्रॉल्यांची मापं देऊ नयेत. वरच्या पृष्ठभागालाही कडप्पा नको. तो चुनखडीच्या जातीचा दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम सांडलं की पॉलिश जातं. वर ग्रॅनाइटच बरा. बाजारात काळ्यावर सोनेरी ठिपक्यांचा जो ‘गॅलक्सी’ मिळतो, तो आंध्रातल्याच चिमकुर्तीच्या खाणींतला. पांढऱ्या क्वार्ट्‌झचा मोह अनेकांना पडतो, पण त्यात रेझिन असतं. गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवली तर डाग पडू शकतो आणि हळद सांडल्यावर लगेच फडकं घेऊन धावावं लागतं. रोज दोनदा फोडणी देणाऱ्या घराने तो लावण्यात शहाणपण नाही.

पेट्या लाकडाच्याच करायच्या असतील, तर प्लायवूडच्या शीटवर काय छापलंय ते वाचायला शिकावं. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचं मानक आणि आयएस ७१० मरीन प्लायचं. मरीनच्या तुकड्याला ७२ तास उकळत्या पाण्याच्या कसोटीतून जावं लागतं. कोटेशनमध्ये ‘मरीन’ लिहिणं मात्र फुकट असतं. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तपासता येतो. शीट आठ बाय चारची येते. कापल्यावर शिक्का कुठल्या तुकड्यावर गेला ते कळत नाही, तेव्हा करवत चालण्याआधीच फोटो काढून ठेवावा. सगळीकडे मरीन लावायचीही गरज नाही. सिंकखाली आणि खालच्या पेट्यांना ते हवं, वरच्या कोरड्या कपाटांना साधं चालतं. पार्टिकल बोर्ड सर्वांत स्वस्त, पण ओलावा लागला की फुगतो आणि एकदा ढिला झालेला स्क्रू पुन्हा पकडत नाही.

शटरसाठी सनमायका सर्वांत काटकसरीचा आणि सर्वांत सोशिक. ॲक्रिलिक सुंदर दिसतं, पण त्यावर बोटांचे ठसे आणि घासणीचे ओरखडे लगेच उठून दिसतात. मुलांच्या घरात तर विचारूच नये.

रंगात वाचवलेले पैसे बिजागऱ्यांत आणि चॅनेलमध्ये घालावेत, कारण दिवसातून पन्नासदा हलतं ते हेच. चांगल्या टेलिस्कोपिक चॅनेलवर साधारण ४५ किलोपर्यंतचा भार लिहिलेला असतो. तांदूळ, गहू, तूरडाळ यांचे दहा-दहा किलोचे डबे एका ट्रॉलीत ठेवणाऱ्या घराला हा आकडा कामाचा. थाळी ट्रॉली, कपबशी ट्रॉली, चमच्यांची ट्रॉली, डब्यांची ट्रॉली ही नावं मराठी गिऱ्हाइकाने बाजाराला शिकवली आहेत. यांतल्या चार-पाच पुरतात. कोपऱ्यात गरगर फिरणारी महागडी यंत्रणा बहुधा पाहुण्यांना दाखवण्यापुरतीच वापरली जाते.

स्टीलबद्दल एक गैरसमज दुकानोदुकानी ऐकू येतो: चुंबक चिकटला नाही म्हणजे माल अस्सल ३०४ ग्रेडचा. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगेनीज जास्त. चुंबक मात्र दोन्हींना सहसा चिकटत नाही. तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घेणं हाच मार्ग. ट्रॉल्या आणि हार्डवेअर पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर स्वतः जाऊन घेतलं, तर निदान कशाचे पैसे दिले ते कळतं.

उंचीला पैसा लागत नाही, तरी तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होतं. उभं राहून काम करणाऱ्याच्या कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा असावा. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईसाठी ते माप ३२-३३ इंचांच्या आसपास येतं. बिल्डर सरसकट ३४ करतो. त्यावर चार-पाच इंचांची शेगडी, तिच्यावर पाच लिटरचा कुकर. मग आमटी ढवळताना खांदा वर चढतो आणि पोळ्या लाटताना टाचा. शेगडीपुरता ओटा चार इंच खाली घेतला, तर निदान खांद्याचा त्रास कमी होतो, आणि गवंड्याला तो आधी सांगितला तर त्याचा खर्च नगण्य असतो.

ज्या जर्मन किचनला आजच्या मॉड्युलरची आजी मानतात, ते अशा मोजमापातूनच जन्माला आलं. १९२६ साली फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून ते आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, धान्या-पिठासाठी ॲल्युमिनियमचे खण. अशी सुमारे दहा हजार किचन बसवली गेली. त्याआधी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असं बाईंनीच पुढे सांगून टाकलं! शंभर वर्षांपूर्वी काटकसरीसाठी निघालेली वस्तू आज प्रतिष्ठेची झाली, हे तिचं नशीब.

गॅसच्या बाबतीत मात्र काटकसर नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी हवेची भोकं किंवा जाळी हवीच. पाइपचा नैसर्गिक वायू हलका, तो वर जातो. पाइपलाइनची जागा बदलायची असेल तर ते काम कंपनीच्याच माणसाकडून करून घ्यावं, सुताराच्या ओळखीच्या प्लंबरकडून नव्हे. चिमणी घ्यायची तर सक्शनच्या आकड्यापेक्षा नळी किती सरळ जाते ते पाहावं, प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. नळी बाहेर काढायला जागाच नसेल, तर खिडकीतला चांगला एक्झॉस्ट फॅन कितीतरी कमी पैशांत काम भागवतो. मायक्रोवेव्ह आणि ओव्हनसाठी १६ अँपियरचे पॉइंट टाइल्स लागण्याआधीच काढून घ्यावेत. नंतर भिंत फोडायची म्हणजे धूळ, वाद आणि दुप्पट मजुरी.

काम संपल्यावर सिंक काठोकाठ भरून बूच काढावं आणि खाली टॉर्च धरून बसावं. ट्रॉल्या रिकाम्या ओढून पाहू नयेत, भरून ओढाव्यात. शेवटचे दहा टक्के पैसे त्यानंतरच द्यावेत. सनमायकाचा कोड नंबर बिलावर लिहून घ्यावा आणि उरलेला तुकडा माळ्यावर टाकावा. सहा वर्षांनी सिंकजवळचं एक शटर बदलायची वेळ आली, की दुकानदार पहिल्यांदा तोच नंबर मागतो.