सायकलीचा सांगाडा : पोलाद की ॲल्युमिनियम?

मुलासाठी सायकल घेताना पालक प्रथम ती एका हाताने उचलून पाहतात. हलकी तीच चांगली, असा निर्णय बहुधा तेथेच होतो. परंतु सांगाड्याची, म्हणजेच फ्रेमची, पारख केवळ वजनावरून करणे योग्य नव्हे.

पोलादाची घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे ७.८ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम; म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश. मात्र त्याचा ताठरपणाही पोलादाच्या एक-तृतीयांशच असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याच्या नळ्या मोठ्या व्यासाच्या करतात. म्हणूनच ॲल्युमिनियमची सायकल भरदार दिसते, तरी वजनाला हलकी भरते. पोलादही सरसकट जड नसते. इंग्लंडमधील रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली आणलेल्या ‘५३१’ या मिश्रपोलादाच्या पातळ नळ्यांवर शर्यतीच्या सायकली कित्येक दशके धावल्या.

खरा भेद दिसतो तो दीर्घ वापरात. खड्ड्यांचे लहान लहान हादरे ठरावीक मर्यादेच्या आत असतील, तर पोलाद ते जवळजवळ अमर्याद काळ सोसते. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. प्रत्येक हादऱ्याची नोंद जणू त्याच्या खात्यावर होत राहते. कारखानदार हे जाणून सांध्यांपाशी अधिक धातू ठेवतात. त्यामुळे चांगली फ्रेम वर्षानुवर्षे टिकते.

दुरुस्तीचा हिशेब मात्र वेगळा आहे. साध्या पोलादी फ्रेमचा तुटलेला सांधा गावातील कुशल वेल्डरही जोडू शकतो. सायकलींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘६०६१’ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला बळ मिळते ते उष्णता-प्रक्रियेने. वेल्डिंगच्या आचेने सांध्याभोवतीचे ते बळ ओसरते. म्हणून कारखान्यात जोडणीनंतर पुन्हा ती प्रक्रिया करावी लागते. रस्त्याकडेच्या दुकानात ते शक्य नसते. सांध्याजवळ रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि ती धातूतील तडा असल्याची शंका आली, तर मुलाला त्या सायकलीवर बसू देऊ नये.

पोलादाचा शत्रू गंज. कोकणच्या पावसात व खाऱ्या हवेत तो नळीच्या आतूनही लागतो. तेथे ॲल्युमिनियम सरस ठरते. फक्त त्यात बसणाऱ्या सीटच्या पोलादी दांड्याला वेळोवेळी ग्रीस लावावे, अन्यथा तो आतच घट्ट रुतून बसतो.

सारांश, रोज चढ चढायचा असेल, सायकल जिन्यावरून वर न्यायची असेल, तर ॲल्युमिनियम घ्यावे. ओझे वाहायचे असेल, रस्ता खडबडीत आणि मोठे दुकान दूर असेल, तर पोलादावर विश्वास ठेवावा. सायकल कोठे व कशी चालणार, हे ठरले की धातूची निवड अवघड राहत नाही.