उलटी तार, चढा दाब

पुणे-नगर रस्त्याने कोरेगाव भीमा सोडून शिक्रापूरकडे निघालात की वाटेत सणसवाडी लागते. एका बाजूला कारखाने आणि दुसऱ्या बाजूला उसाची शेते असे हे गाव. तेथील एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असता घडलेला प्रसंग सांगतो.

नववीतल्या एका मुलीने जमिनीतला ओलावा मोजणारे यंत्र केले होते. माती कोरडी पडली की भोंगा वाजे. यंत्राला हवे होते ५ व्होल्ट. शेजारच्या टेबलावर दिव्यांच्या पट्टीसाठी १२ व्होल्टचा अडॅप्टर होता. दोन्हींच्या पिना अगदी सारख्या! गडबडीत अदलाबदल झाली. ‘टक्’ असा बारीक आवाज आला, जळका वास सुटला आणि भोंगा मुका झाला. “सर, एकच सेकंद लावली होती हो,” ती रडवेली होऊन म्हणाली.

एक सेकंद! चिपच्या हिशेबाने तो फार मोठा काळ झाला. का ते पाहू. चिपमधल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरात सिलिकॉन ऑक्साइडचा विद्युतरोधक पापुद्रा असतो. त्याची जाडी १० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग, आहे असे समजा. त्यावर १२ व्होल्ट पडले तर दर सेंटिमीटरला किती होतात? करा गुणाकार. १ कोटी २० लाख व्होल्ट! हवेत दर सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट झाले की ठिणगी पडते. ऑक्साइड हवेपेक्षा कितीतरी चिवट. पण तोही सुमारे एक कोटीला हात टेकतो. पापुद्र्याला भोक पडले की ते बुजत नाही. तिच्या यंत्रातली एटीमेगा ३२८ ही चिप ६ व्होल्टपर्यंतच टिकेल, असे तिच्या माहितीपत्रकात छापलेलेच असते.

तारा उलट जोडल्या तर वेगळाच घोटाळा होतो. एरवी बंद असणारे चिपमधले जोड उघडतात, त्यांतून भरमसाट धारा वाहते आणि चिप भाजून निघते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर आत वायू होऊन फुगतो, कधी फुटतोही. ट्रॅक्टरच्या बॅटरीला घाईत चिमटे लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. सौर पट्टीचेही तसेच. ‘१२ व्होल्टची’ म्हणून विकत घेतलेली ३६ घटांची पट्टी काही न जोडता उन्हात ठेवली, तर २१ व्होल्टच्या आसपास दाब दाखवते. नावावर विसंबू नका, मीटर लावून पाहा.

आता उपाय. उलट्या तारांवर सोपा उपाय म्हणजे वाटेत एक डायोड घालणे. डायोड धारेला एकाच दिशेने जाऊ देतो. तारा उलटल्या की वाट बंद. मात्र तो स्वतःसाठी सुमारे ०.७ व्होल्ट ठेवून घेतो. तीन सेलच्या ४.५ व्होल्टमधून एवढी पट्टी द्यायची म्हणजे जरा महागच! शॉट्की जातीचा डायोड ०.३ व्होल्टच्या आसपास भागवतो.

चढ्या दाबापुढे मात्र हा डायोड निरुपयोगी. नुसत्या फ्यूजवरही भिस्त ठेवू नका. फ्यूजची तार तापून वितळायला काही मिलिसेकंद तरी लागतात. तोवर चिप गेलेली असते. शिवाय फ्यूजला दाब कळतच नाही, त्याला कळते ती धारा.

म्हणून फ्यूजच्या जोडीला झेनर डायोड द्यावा. क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तावरून त्याला हे नाव पडले. (पाच-सहा व्होल्टच्या वरच्या झेनरमध्ये मुख्यतः वेगळीच क्रिया चालते, नाव मात्र झेनरचेच राहिले!) हा डायोड फ्यूजच्या पुढे, धन आणि ऋण तारांच्या मध्ये उलटा जोडतात. ५.६ व्होल्टचा झेनर ५ व्होल्टला जवळजवळ स्वस्थ बसतो. दाब चढला की तो झटकन वाहू लागतो, जादा धारा स्वतःवर घेतो आणि तीच धारा फ्यूज उडवते. आणि तारा उलटल्या तर? मग झेनर साध्या डायोडसारखा सुलट वाहतो. मंडलावर १२ ऐवजी ०.७ व्होल्टच उलटा दाब येतो आणि फ्यूज जातो. एकच पहारेकरी दोन्ही दरवाजे राखतो!

हे घरी करून पाहा. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोधक आणि ५.६ व्होल्टचा झेनर एकामागे एक जोडा. झेनरवरचा पट्टा धन बाजूला हवा. त्याच्या दोन टोकांना मीटर लावला की ५.६ च्या आसपास दाब दिसेल. बॅटरी उलटी करा, ०.७ दिसेल. रोधकाशिवाय जोडू नका, आणि भिंतीतल्या २३० व्होल्टला तर मुळीच हात लावू नका.

झेनरमधील धारा फार वाढली की त्याचा दाबही थोडा चढतो, म्हणून मोठा झेनर घ्यावा. विजेच्या कडकडाटात तारांवर येणाऱ्या क्षणिक धक्क्यांसाठी टीव्हीएस नावाचे त्याचे दणकट भावंड मिळते.

त्या मुलीने पुढच्या आठवड्यात नवी चिप बसवली. सोबत ५ वॅटचा झेनर आणि पाव अँपिअरचा, लवकर उडणारा फ्यूज. मग तिने आमच्यादेखत मुद्दामच १२ व्होल्टची पिन खुपसली. मीच डोळे मिटून घेतले! फ्यूज गेला. तिने दुसरा घातला, ५ व्होल्टची पिन लावली, कोरड्या मातीत सळ्या रोवल्या आणि भोंगा वाजला.