वाऱ्यावरच्या विषाची मोजदाद

विषारी द्रव्य जेथे वापरावे तेथेच ते राहते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. १९८० नंतरच्या दशकात कॅनडातील संशोधकांना मात्र निराळाच अनुभव आला. क्वेबेक प्रांताच्या अगदी उत्तरेस, हिमाच्छादित प्रदेशात इनुइट लोक राहतात. तेथे ना मोठे कारखाने, ना शेती. म्हणून तुलनेसाठी निर्मळ नमुने हवेत, या हेतूने तेथील मातांचे दूध तपासण्यात आले. तपासणीअंती त्या दुधात पीसीबी या औद्योगिक रसायनाचे प्रमाण प्रांताच्या दक्षिण भागातील मातांच्या दुधापेक्षा सुमारे पाचपट आढळले. हे विष मुख्यतः वाऱ्याने व समुद्रप्रवाहांनी उत्तरेकडे नेले होते आणि सील, व्हेल आदी प्राण्यांच्या चरबीतून ते मातांच्या शरीरात पोहोचले होते. मातेचे दूध हेच बालकाचे सर्वोत्तम अन्न, हा वैद्यकीय सल्ला आजही कायम आहे. परंतु ते दूध निर्मळ राखण्याची जबाबदारी दूर देशीच्या लोकांवरही येते, हे या घटनेने दाखवून दिले.

चिवट द्रव्यांचा प्रवास

पीसीबी, डीडीटी, डायॉक्सिन इत्यादी रसायनांना दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषके म्हणतात. ऊन, पाणी व जिवाणू यांच्यामुळे त्यांचे विघटन फार सावकाश होते. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. चरबीत मात्र साठत जातात. त्यामुळे सूक्ष्म जीवांपासून लहान माशांत, लहान माशांपासून मोठ्या माशांत आणि शेवटी माणसात त्यांचे प्रमाण वाढत जाते. उष्ण हवेत ती जमिनीतून वाफेच्या रूपाने वर उठतात, वाऱ्याबरोबर जातात, थंडावा मिळाला की खाली उतरतात आणि पुन्हा ऊन पडताच उठतात. शास्त्रज्ञ या प्रवासाला टोळाच्या उड्यांची उपमा देतात.

अशा प्रवाशाचा माग एका गावाने किंवा एका कारखान्याने ठेवून भागत नाही. त्यासाठी संपूर्ण प्रदेशाची हवा, एकाच पद्धतीने आणि अनेक वर्षे मोजावी लागते.

पाच सरोवरांचा धडा

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील पाच विशाल सरोवरांच्या परिसरात १९९० मध्ये असे काम दोन्ही देशांनी मिळून सुरू केले. प्रत्येक सरोवराकाठी एक मुख्य केंद्र उभारण्यात आले. दर बाराव्या दिवशी चोवीस तास पंपाने हवा खेचून ती गाळण-कागद व शोषक पदार्थ यांमधून सोडावयाची आणि त्यात अडकलेली द्रव्ये प्रयोगशाळेत मोजावयाची, असा क्रम ठरला. पुढे शिकागोसारख्या शहरातही केंद्र घेण्यात आले. तेव्हा शहराच्या हवेत पीसीबीचे प्रमाण दूरच्या किनाऱ्यांपेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे दिसले. अमेरिकेत पीसीबीच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली होती. तरीही जुनी यंत्रसामग्री, इमारती व दूषित माती यांतून ते हवेत मिसळतच राहिले आणि त्याची घट अतिशय संथ गतीने झाली. बंदीचा हुकूम निघाल्याने विष संपत नाही. ते किती कमी झाले हे मोजल्यावरच कळते, हा या कामाचा मुख्य धडा होय.

फोमची चकती

२००१ मध्ये स्टॉकहोम येथे या प्रदूषकांसंबंधी आंतरराष्ट्रीय करार झाला व २००४ मध्ये तो अंमलात आला. प्रारंभी त्यात बारा द्रव्ये होती. आज ही संख्या तिसाहून अधिक आहे. कराराचा परिणाम होतो की नाही हे पाहण्यासाठी हवा आणि मातेचे दूध किंवा रक्त यांची तपासणी प्रमुख मानण्यात आली.

पंपाला वीज व देखरेख लागते. ती सर्वत्र मिळत नाही. यावर एक साधा उपाय निघाला. गादीत वापरतात तशा फोमची चकती, एकमेकांवर पालथ्या बसविलेल्या पोलादी वाडग्यांच्या आत टांगून ठेवतात. पाऊस व ऊन यांपासून तिचे रक्षण होते आणि वाहत्या हवेतील द्रव्ये ती हळूहळू शोषून घेते. साधारण तीन महिन्यांनी ती काढून प्रयोगशाळेत धाडतात. मोजमाप पिकोग्रॅममध्ये होते. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या सूक्ष्म मोजणीत हाताळणीतील मळही फसवू शकतो. म्हणून हवेत न ठेवलेली एक कोरी चकतीही सोबत नेऊन तपासली जाते.

आकड्यांचा अर्थ लावतानाही सावधगिरी लागते. उन्हाळ्यात जमिनीतील जुने विष अधिक उडते. त्यामुळे एका मोसमाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढता येत नाही. तसेच डीडीटीचे कालांतराने डीडीई या द्रव्यात रूपांतर होते. हवेत डीडीई अधिक असेल तर वापर जुना. मूळ डीडीटी अधिक असेल तर तो अलीकडचा, असे अनुमान करता येते.

भारत आणि आपली गावे

भारताने २००६ मध्ये या कराराला मान्यता दिली. त्यापूर्वीच शेतीतील डीडीटीचा वापर १९८९ मध्ये व एके काळी घरोघरी परिचित असलेल्या बीएचसी पावडरीचा वापर १९९७ मध्ये बंद करण्यात आला होता. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेस २०११ मध्ये या कराराखालील आशियातील एक प्रादेशिक केंद्र म्हणून मान्यता मिळाली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे.

मोजणीचे काम शास्त्रज्ञांचे. पण मोजावे लागणारे विष कमी करणे गावाच्याही हाती आहे. कचरा, विशेषतः पीव्हीसी प्लॅस्टिक, उघड्यावर जाळल्यास डायॉक्सिन व फ्युरान निर्माण होतात. ही विषे कोणी मुद्दाम तयार करीत नाही. निष्काळजीपणातून ती जन्मतात. गावकुसाबाहेरील कचऱ्याच्या ढिगाला काडी लागणार नाही, मुदत संपलेली कीटकनाशके विहिरीत वा ओढ्यात फेकली जाणार नाहीत, याची काळजी ग्रामपंचायतीने घ्यावी. शाळेत हा विषय शिक्षकांनी मुलांना समजावून द्यावा. गावच्या शिवेवर धूर थांबत नाही. एका गावचा धूर दुसऱ्या गावच्या गोठ्यातील दुधात उतरू शकतो, एवढे ध्यानी आले तरी पुष्कळ साधेल.