धबधब्यांना मनाई नको, व्यवस्था हवी

दर वर्षी मृगाच्या सरी स्थिरावल्या की सह्याद्रीच्या आसपासच्या जिल्ह्यांत दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी अवतरतात : कड्यांवरचे धबधबे आणि कचेऱ्यांतले मनाई हुकूम. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि लगोलग पुणे जिल्ह्यातील अनेक पर्यटनस्थळी जुलैअखेरपर्यंत निर्बंध लागू झाले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा धोकादायक ठरवलेला लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जणांचे प्राण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. अशा प्रसंगी हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. लोक मरत असताना त्याच्या हाताशी दुसरे साधन नसते. परंतु हे दुसरे साधन वर्षानुवर्षे का निर्माण होत नाही, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. दर पावसाळ्यात नव्याने काढावी लागणारी मनाई ही धोरणाच्या अभावाची कबुलीच म्हटली पाहिजे.

कातळाचा स्वभाव

या प्रश्नाचे मूळ आपल्या पायाखालच्या खडकात आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला आणि थरावर थर चढत गेले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा काळा पाषाण पसरलेला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातील ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. घाटातून जाताना समोरच्या डोंगराकडे पाहावे, म्हणजे हे नाव किती समर्पक आहे ते कळते. एका थराचा दगड घट्ट, तर त्याखालच्या थराचा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. मध्येच एखादा लाल मातीचा पट्टा. पाणी खालचा मऊ थर आधी पोखरते, वरचा कठीण थर कड्यासारखा पुढे राहतो आणि यथावकाश तुटून पडतो. भंडारदऱ्याजवळचा प्रवरेवरील रंधा, साताऱ्याजवळचे ठोसेघर, जव्हार तालुक्यातील दाभोसा हे सारे या पायऱ्यांवरूनच उतरतात. प्रपाताच्या तळाशी दगडगोटे गरगर फिरून खोल डोह कोरतात. वरून शांत दिसणाऱ्या कुंडाचा तळ किती खाली आहे, हे काठावरून पाहणाऱ्याला कळत नाही.

हाच कातळ दुसऱ्या एका दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरते ते केवळ सांध्या-भेगांतून. माथ्यावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र आणि पाऊस अफाट : महाबळेश्वर, आंबोली येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक. त्यामुळे माथ्यावर एक जोरदार सर कोसळली की तिचे पाणी थोड्याच वेळात ओढ्याला येते. खाली ऊन असते, डोहात मुले खेळत असतात आणि वरच्या पठारावर ढग फुटलेला असतो. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा वाहत येणे, प्रवाहाचा आवाज बदलणे, ही पूर्वचिन्हे गावच्या गुराख्याला कळतात. शहरातून तीन तासांचा प्रवास करून आलेल्या तरुणाला ती ठाऊक असण्याचे कारण नाही. धबधब्यावरचे बरेच मृत्यू धाडसापेक्षा या अज्ञानातून होतात, आणि अज्ञानावर दंडुक्याचा उपाय चालत नाही.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा

अर्थशास्त्राच्या परिभाषेत धबधबा ही सामाईक साधनसंपत्ती होय. तेथे जाण्यास कोणाला अडवणे कठीण, परंतु प्रत्येक नव्या माणसागणिक जागा अपुरी, वाट निसरडी आणि परिसर अधिक घाण होत जातो. येणारा आपल्या प्रवासाचा खर्च स्वतः करतो. त्याच्या येण्याने इतरांवर पडणारा भार मात्र त्याच्या हिशेबात येत नाही. गावाच्या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागते, भाताच्या खाचरांत बाटल्यांचा खच पडतो, आजाऱ्याला नेणारी गाडी खोळंबते. कोणी दरीत पडलेच तर लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक भर पावसात दोर घेऊन उतरतात. त्यांच्या श्रमांची आणि पत्करलेल्या जोखमीची किंमत कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

मनाई हुकुमाने हा खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या माथी जातो. भजी तळणारी, कणसे भाजणारी, वाटाड्या म्हणून चार पैसे मिळवणारी माणसे याच गावांतली. भाताची लावणी उरकल्यावर हाताशी येणारा त्यांचा रोख पैसा पहिल्या हुकुमानिशी बंद होतो. शहरी हौशी मंडळींचे फारसे बिघडत नाही. त्यांतले काही घरी बसतात, तर काही चोरवाटेने जातात. चोरवाटेवर ना पोलीस असतो ना वाटाड्या. म्हणजे ज्याने नियम पाळला त्याची करमणूक गेली, ज्याने मोडला त्याचा धोका वाढला आणि ज्याचा या व्यवहारात काहीच अपराध नाही त्याची मिळकत बुडाली.

हवाईचे दोन धबधबे

लाव्हाच्या खडकावरील धबधबे आणि माणसांची झुंबड हा पेच आपल्यापुरता मर्यादित नाही. प्रशांत महासागरातील हवाई बेटेही ज्वालामुखीचीच अपत्ये आणि तिथले ओढेही असेच अवचित फुगणारे. ओआहू बेटावरील ‘सेक्रेड फॉल्स’ येथे ९ मे १९९९ रोजी कडा ढासळून आठ जण ठार झाले. सरकारने उद्यान बंद केले, ते पुन्हा उघडलेच नाही. तरीही कुंपण ओलांडून आत शिरणारे लोक आहेतच.

काउआई बेटावर निराळा मार्ग धरला गेला. हानाकापिआई धबधब्याची पायवाट तेथील हाएना उद्यानातून सुरू होते. एप्रिल २०१८ मध्ये त्या भागात चोवीस तासांत बाराशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, रस्ता उद्ध्वस्त झाला आणि उद्यान बंद करावे लागले. जून २०१९ मध्ये ते उघडले, ते नव्या नियमांनी. बाहेरून येणाऱ्यांना दिवसाला नऊशे एवढीच मर्यादा, नोंदणी आगाऊ, शुल्क पाहुण्यांना आणि मुभा हवाईच्या रहिवाशांना. व्यवस्थेत स्थानिक रहिवाशांच्या संस्थेलाही वाटा मिळाला. या दोन उदाहरणांवरून कोठेच बंदी नको असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ढासळत्या कड्याखाली बंदीच योग्य. पण जेथे धोका मोजता येतो आणि टाळता येतो तेथे मोजण्याची नि टाळण्याची यंत्रणा उभारणे शक्य आहे, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

गावाच्या हाती कारभार

त्यासाठी हवाईपर्यंत जाण्याचीही गरज नाही. सातारा जिल्ह्यातील कासचे पठार पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर २०१२ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. फुलांच्या हंगामात तेथे प्रवेशाला मर्यादा असते, शुल्क असते आणि राबणारे हात बहुतांशी आसपासच्या गावांतील वन व्यवस्थापन समित्यांचे असतात. या व्यवस्थेत उणिवा असतील. परंतु फुले पाहायला जाणाऱ्यांची शिस्त लावता येते, तर पाणी पाहायला जाणाऱ्यांची का लावता येऊ नये?

सामाईक मालमत्तेचा नाश अटळ आहे, असे प्रतिपादन गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली केले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या कुरणांचा, कालव्यांचा आणि मासेमारीचा अभ्यास करून दाखवले की, जेथे वापरणारे लोक स्वतःच नियम करतात आणि त्यांवर देखरेख ठेवतात तेथे अशी मालमत्ता पिढ्यान् पिढ्या टिकते. याच कार्याबद्दल २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या धबधब्यांना हा विचार लागू करायचा तर चार गोष्टी पुरेशा आहेत. ओढ्याच्या माथ्यावर पर्जन्यमापक आणि पाणी वाढताच खाली इशारा देणारा भोंगा. एका वेळी किती माणसे जातील याची मर्यादा. दोर, शिट्टी आणि विम्याचे संरक्षण असलेले गावचे प्रशिक्षित वाटाडे. आणि या साऱ्यासाठी माफक शुल्क, जे गावाच्याच खात्यात जमा होईल व ज्याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जाईल.

निसर्ग पाहायलाही पैसे मोजायचे काय, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. म्हणून शाळकरी मुलांना आणि स्थानिकांना मुभा असावी, आणि नाक्याचा लिलाव करून तो ठेकेदाराच्या घशात घालण्याचा मोह सरकारने कटाक्षाने टाळावा. ठेकेदाराचा फायदा गर्दी वाढण्यात असतो, तर गावाचे हित ती आवरण्यात. परंतु आज ही सहल फुकट आहे असे समजणे हा भ्रम आहे. तिची किंमत कधी गाव, कधी स्वयंसेवक, तर कधी एखाद्या घरातला तरुण मुलगा चुकती करतो.

शेवटी एका विसंगतीकडे लक्ष वेधले पाहिजे. जुलैत ज्यांच्या माथ्यावरून पाण्याचे लोट कोसळतात, त्या जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांतील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका टँकरची वाट पाहत उभ्या असतात. जो कातळ धबधबा देतो तोच पाणी मुरू देत नाही. पाहुण्यांच्या शुल्कातला काही भाग टाकी बांधण्यावर, जुने झरे साफ करण्यावर आणि उतारावर पाणी अडवण्यावर खर्च झाला, तर वाहून जाणाऱ्या पाण्याचे काही मोल पाड्यावरच्या हंड्यात उतरेल. पुढील मृगाला वेळ आहे. हुकुमाचा मसुदा नव्याने टंकलिखित करण्याऐवजी प्रत्येक जिल्ह्याने या वर्षी निदान एक धबधबा निवडून त्याची व्यवस्था गावाच्या हाती सोपवून पाहावी.