एसीचा आकडा आणि विजेचे बिल

एप्रिल-मेचे वीजबिल हाती पडले की द्वारका परिसरातील दुकानदार बांधव प्रथम मीटरवर संशय घेतात. मीटरची तपासणी जरूर करून घ्यावी, पण आमच्या मते त्याआधी एसीचा रिमोट पाहावा. खाली दुकान आणि वर घर अशी रचना असलेल्या अनेक कुटुंबांत रात्रभर 18 किंवा 20 या आकड्यावर एसी चालतो आणि पहाटे सगळे गोधडी ओढून झोपलेले असतात!

एसीच्या आत थर्मोस्टॅट असतो. खोलीची हवा ठरविलेल्या आकड्यापर्यंत थंड झाली की कॉम्प्रेसर थांबविणे आणि उकाडा वाढला की पुन्हा सुरू करणे, हे त्याचे काम. अमेरिकेत वॉरेन जॉन्सन या शिक्षकाने 1883 मध्ये खोलीसाठी असे विजेवर चालणारे साधन तयार करून त्याचे पेटंट घेतले. तेथे प्रश्न थंडीचा होता, आपल्याकडे तो उकाड्याचा आहे. आखातात नोकरी करून आलेल्या बांधवांनी भिंतीवरची ती छोटी पेटी पाहिलेली असते. आपल्याकडे तेच काम रिमोट करतो.

येथेच मोठा गैरसमज आहे. बाहेरून आल्यावर 16 अंश लावले म्हणजे खोली लवकर थंड होते, असे पुष्कळांना वाटते. साध्या एसीत तसे होत नाही. त्याचा कॉम्प्रेसर 16 लावा की 26, एकाच जोराने चालतो. आकडा फक्त तो कोठे थांबणार हे ठरवितो. 16 अंशांपर्यंत खोली बहुधा पोहोचतच नाही, म्हणून कॉम्प्रेसर थांबतच नाही. इन्व्हर्टर एसी सुरुवातीला थोडा जोर वाढवितो हे खरे, पण त्याची बचत खोली थंड झाल्यावर मंद चालण्यात आहे. आकडा फार खाली ठेवला तर ती बचतही हातची जाते.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचा ठोकताळा असा की, तापमान एक अंशाने वर ठेवले तर सुमारे 6 टक्के वीज वाचते. याच विचाराने 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या खोलीच्या एसींना कारखान्यातूनच 24 अंश ही मांडणी देणे बंधनकारक झाले. ग्राहकाला ती बदलण्याची मुभा आहे आणि आपण ती पहिल्याच दिवशी बदलतो.

आता हिशेब मांडू. दीड टनाचा एसी रात्री 8 तास चालला आणि तासाला सरासरी एक युनिट धरले, तर महिन्याला 240 युनिट होतात. 20 ऐवजी 25 अंश ठेवल्यास ढोबळमानाने 70 युनिट वाचतात. शिवाय घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो : 100 पर्यंत एक दर, 300 पर्यंत दुसरा, 500 पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. 300 च्या पुढचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून अधिक असतो. वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होते. व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने येथील उन्हाळी रात्र मुंबईसारखी घामट नसते. मध्यरात्रीनंतर हवा उतरते. याचा फायदा टायमरने घ्यावा. झोपताना 26 अंश ठेवून छताचा पंखा मंद चालवावा. पंख्यामुळे 26 अंशही 24 सारखे वाटतात. रिमोटवरील ‘स्लीप’ बटण दाबले की बहुतेक एसी पुढच्या एक-दोन तासांत आकडा आपोआप अंश-दोन अंश वर नेतात. एसी तीनच्या सुमारास बंद होईल असा टायमर लावावा. फजरपर्यंत बंद खोलीतला गारवा टिकतो, नंतर खिडकी उघडावी. घरात तान्हे मूल वा आजारी वडीलधारे असतील तर त्यांच्या सोयीप्रमाणे आकडा ठरवावा. बचतीसाठी कोणाला उकाड्यात ठेवू नये.

द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकत्र येतात. त्या धुळीने एसीची जाळी लवकर भरते आणि जाळी भरली की आकडा कितीही नीट लावला तरी खोली थंड होत नाही. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा ती काढून धुवावी. एसी बंद करून लगेच चालू करण्याची घाईही नको, मध्ये तीन मिनिटे जाऊ द्यावीत.

दुकानात गिऱ्हाईक सतत ये-जा करते, तेथे दार आपोआप मिटण्याची सोय आधी करावी. शिलाईच्या कारखान्यात इस्त्री एसीच्या अगदी जवळ असेल तर थर्मोस्टॅट फसतो आणि कॉम्प्रेसर चालूच राहतो. इस्त्रीची जागा बदलावी.

फ्रीजचे मात्र उलटे आहे. त्याच्या गोल बटणावरील 1 ते 7 हे अंश नव्हेत. बहुतेक फ्रीजमध्ये आकडा मोठा तितकी थंडी अधिक. हिवाळ्यात 2 किंवा 3 पुरतो, पण आतील तापमान 5 अंशांच्या वर जाऊ देऊ नये. गोश्त किंवा आइस्क्रीम ठेवणाऱ्यांनी डीप फ्रीझर उणे 18 अंशांवर ठेवावा आणि वीज वाचविण्यासाठी रात्री तो बंद करण्याचा विचारही करू नये. एका रात्रीत गेलेला माल वर्षभराची बचत खाऊन टाकतो.

नाशिकच्या थंडीत गिझर लागतोच. 15 लिटरच्या, 2 किलोवॅटच्या गिझरला 20 अंशांचे पाणी 60 अंशांपर्यंत नेण्यास सुमारे 20 मिनिटे लागतात. तेव्हा रात्री झोपताना बटण बंद करावे आणि उठल्यावर चालू करावे.