आमंत्रण आहे, यजमान कुठे?

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दिल्ली आणि तिला लागून असलेल्या नोएडा, ग्रेटर नोएडा, गुरुग्राम या शहरांत परदेशी विद्यार्थ्यांची नवी तुकडी दाखल होते. प्रवेशपत्र त्यांच्या हाती असते, शुल्काचा पहिला हप्ता भरलेला असतो आणि नेपाळ-भूतानचे विद्यार्थी वगळता बाकीच्यांच्या पासपोर्टवर भारत सरकारचा व्हिसा असतो. पुष्कळांकडे नसते ती राहायला खोली. परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत हा विषय क्षुल्लक वाटेल. पण या विद्यार्थ्यांच्या मनातील भारत पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, आणि तो घडवण्याचे काम आपण घरमालक, दलाल व पोलीस ठाण्यातील हवालदार यांच्यावर सोपवून मोकळे झालो आहोत.

‘स्टडी इन इंडिया’ हा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला, तेव्हा २०२३ पर्यंत दोन लाख परदेशी विद्यार्थी देशात आणण्याचे उद्दिष्ट होते. केंद्राच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये ही संख्या ४९,३४८ होती. २०२१-२२ मध्ये ती ४६,८७८ झाली, आणि त्यांतही सुमारे २८ टक्के विद्यार्थी एकट्या नेपाळचे होते. याउलट परदेशांत शिकणारे भारतीय विद्यार्थी तेरा लाखांहून अधिक आहेत. करोनाच्या साथीने या काळात सर्वच देशांतील वर्दळ घटली, हे मान्य. तरीही उद्दिष्ट आणि वास्तव यांतील एवढे अंतर केवळ साथीने स्पष्ट होत नाही. अभ्यासक्रमांचा दर्जा, पदव्यांची मान्यता, शिष्यवृत्ती यांवर पुष्कळ लिहिले जाते. निवाऱ्याच्या प्रश्नाला मात्र धोरणपत्रांत एखाद-दुसरे वाक्य मिळते.

प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो ते पाहू. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याने आगमनापासून १४ दिवसांत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी, असा नियम आहे. २०१८ पासून ही प्रक्रिया ‘ई-एफआरआरओ’ या संकेतस्थळावर होते, ही चांगली सुधारणा होय. परंतु नोंदणीसाठी निवासाचा पुरावा हवा. परदेशी व्यक्तीला घरी ठेवणाऱ्याने २४ तासांत ‘फॉर्म सी’ भरून तिची माहिती द्यावी लागते. घरमालकाला भाडेकरार नको असतो, कारण करार झाला की उत्पन्न कागदावर येते. पत्ता नसला की नोंदणी अडते, नोंदणी अडली की बँकेत खाते उघडणे अवघड होते आणि खात्याशिवाय यूपीआय चालत नाही. सगळे व्यवहार रोखीने करणाऱ्या परदेशी तरुणाकडे मग सगळेच संशयाने पाहतात. हे वर्तुळ कोणत्याही एका अधिकाऱ्याच्या दुष्टपणातून निर्माण झालेले नाही. प्रत्येक टप्प्याचा नियम आपापल्या जागी समजण्यासारखा आहे. सगळे टप्पे मिळून माणसाचे काय होते, हे पाहणे कोणाच्याच जबाबदारीत येत नाही.

नोएडात माझ्या घराजवळच्या वाचनालयात टांझानियाचा एक पदव्युत्तर विद्यार्थी येत असे. पहिल्या महिन्यात त्याने तीन खोल्या बदलल्या. पहिल्या मालकाने रोख भाडे घेतले आणि करार नाकारला. दुसऱ्याने दूरध्वनीवर होकार दिला, पण तो दारात उभा राहिल्यावर खोली ‘आजच गेली’. अखेर आपल्याच देशातील दोन मोठ्या विद्यार्थ्यांबरोबर तो चौथ्या मजल्यावर राहू लागला आणि तेथील गढवाली घरमालकीणबाईंनी मुलाला बसवून तेराव्या दिवशी त्याचा ‘फॉर्म सी’ भरून घेतला. तो मला म्हणाला, “सर, व्हिसा देताना अधिकाऱ्याने वीस प्रश्न विचारले. इथे सगळे एकच विचारतात, तू खातोस काय?”

आमच्या वसाहतीच्या सर्वसाधारण सभेतही परदेशी विद्यार्थ्यांना सदनिका भाड्याने देऊ नयेत, असा ठराव आला होता. असा निर्बंध कोणत्या कायद्याने घालता येतो, एवढेच मी विचारले. उत्तर आले नाही. ठराव पुढे ढकलला गेला. मागे घेतला गेला नाही. त्या सभेतील निम्म्याहून अधिक कुटुंबांची मुले टोरांटो, मेलबर्न किंवा टेक्सासमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहतात.

या संशयाचे टोक कुठे जाते, ते राजधानीने पाहिले आहे. जानेवारी २०१४ मध्ये खिडकी एक्स्टेन्शनमध्ये दिल्ली सरकारमधील तत्कालीन मंत्री सोमनाथ भारती यांच्या पुढाकाराने मध्यरात्री छाप्याचा जो प्रकार झाला, त्यात आफ्रिकी महिलांना लक्ष्य करण्यात आले. मे २०१६ मध्ये वसंत कुंज परिसरात रिक्षावरून झालेल्या वादात काँगोच्या एका तरुणाची हत्या झाली. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अफवा पसरल्या आणि जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मॉलमध्ये शिरून मारले. त्यानंतर आफ्रिकी राजदूतांनी संयुक्त निवेदनात हे हल्ले वंशद्वेषी असल्याचे म्हटले आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेमार्फत चौकशीची भाषा केली. दशकानुदशके जपलेल्या मैत्रीवर दोन तासांच्या जमावाने असा ओरखडा काढला.

ही मैत्री पोकळ नव्हती. मलावीचे राष्ट्राध्यक्ष झालेले बिंगू वा मुथारिका दिल्लीत श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये शिकले. नेपाळचे माजी पंतप्रधान बाबुराम भट्टराई आणि लिबियाचे माजी पंतप्रधान अली झैदान हे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे विद्यार्थी. मौलाना आझाद यांनी १९५० मध्ये स्थापन केलेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आजही शिष्यवृत्त्या देते. ही गुंतवणूक खोलीच्या दारात वाया जाऊ द्यायची का, हा प्रश्न आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून नालंदेचा दाखला मला टाळता येत नाही. मात्र गौरवापेक्षा त्यातील व्यवस्था मला महत्त्वाची वाटते. सातव्या शतकात ह्युएन त्संग तेथे पोहोचला, तेव्हा त्याच्यासाठी निवास ठरला आणि रोजचा शिधा नेमून दिला गेला. तांदूळ, सुपारी, कापूर यांची मोजमापे त्याच्या चरित्रात नोंदलेली आहेत. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पालराजा देवपाल याने त्यासाठी पाच गावे दिली. भिक्षूंचा निर्वाह, आजाऱ्यांची औषधे, ग्रंथांच्या प्रती आणि इमारतीची डागडुजी, अशी खर्चाची कारणे ताम्रपटात दिलेली आहेत. परक्या राजाने वास्तू उभारली आणि यजमान राजाने तिचा नित्य खर्च उचलला. आतिथ्य हे तेथे खात्यावर टाकलेले कर्तव्य होते.

आपले आजचे कायदे वेगळ्या मुशीतून आले. १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा हे महायुद्धाच्या छायेतील. त्यांची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५’ने घेतली. नव्या कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची माहिती देण्याचे दायित्व शिक्षणसंस्थांवर स्पष्टपणे टाकले. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्या संस्थेवर माहिती देण्याची सक्ती करता येते, तिच्यावर निवाऱ्याची सक्ती का करता येऊ नये?

या दिशेने जाण्यासाठी नमुने आहेत. २०१४ मध्ये लाजपत नगरात अरुणाचलच्या एका तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर एम. पी. बेझबरुआ समिती नेमली गेली, आणि ईशान्येकडील नागरिकांसाठी दिल्ली पोलिसांचे विशेष पथक व १०९३ ही मदतवाहिनी उभी राहिली. परदेशातील उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हा आपण संतापलो आणि ते रास्त होते. त्या काळात तेथे ब्रूस बेयर्ड यांच्याकडून परदेशी विद्यार्थ्यांविषयीच्या कायद्याचा आढावा घेण्यात आला. पुढे २०११ मध्ये खासगी संस्थांतील परदेशी विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपालाची सोय झाली.

आपल्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, वसतिगृहात किंवा संस्थेने भाड्याने घेतलेल्या घरात पहिल्या वर्षाची खोली निश्चित केल्याखेरीज संस्थेने परदेशी विद्यार्थ्याला प्रवेशपत्र देऊ नये. दुसरी, ‘फॉर्म सी’, नोंदणी आणि बँक खाते ही कामे संस्थेने आवारातच पूर्ण करून द्यावीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सुचवलेल्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला हे काम नेमून द्यावे. तिसरी, दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम ही तीन राज्यव्यवस्थांत विभागलेली शहरे असल्याने तिन्ही पोलीस दलांसाठी एकच मदतवाहिनी आणि एकच उत्तरदायी अधिकारी असावा.

यामुळे प्रवेशांची संख्या सुरुवातीला घटेल, असा आक्षेप येईल. घटू द्यावी. ज्यांना आपण खोली देऊ शकत नाही, त्यांना बोलावण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिक्षण संपवून परतणारा प्रत्येक विद्यार्थी आपल्या देशात भारताविषयी तीस-चाळीस वर्षे बोलत राहणार आहे. त्याला काय सांगावेसे वाटेल, ते त्याच्या पदवीइतकेच त्या पहिल्या चौदा दिवसांवरही अवलंबून राहील.