मुलांची रेघ मोडू नका



शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो. त्या तासाबद्दल आपल्या घरात फारसे कोणी विचारीत नाही. गणिताचे गुण विचारले जातात, इंग्रजीचे विचारले जातात. मूल वहीत रेघा ओढताना दिसले, तर मात्र “चित्रं काढून पोट भरतं का?” हा प्रश्न ठरलेला. मुलगी असेल तर तिला लगेच चुलीपाशी हाक येते. विस्तार कार्याच्या निमित्ताने गावोगाव फिरताना हा प्रश्न मी पुष्कळ ओसऱ्यांवर ऐकला आहे. मी काही चित्रकलेचा शिक्षक नव्हे. शेतीचे शिक्षण घेतलेला माणूस आहे. तरीही या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटते, कारण ते आपल्या शेतातच आहे.

रेघ म्हणजे काय?

चित्रकलेच्या वर्गात पहिला धडा रेषेचा असतो. आपण जिला रेघ म्हणतो, तीच शाळेतली रेषा. आडवी, उभी, तिरपी, वक्र आणि नागमोडी असे तिचे प्रकार शिकवतात. यातला एकही प्रकार तुम्हाला नवा नाही. माळावर उभे राहिलात की आभाळ जमिनीला टेकते ती आडवी रेघ. ती पाहून मनाला शांत वाटते. विहिरीत सोडलेला दोर ही उभी रेघ. ती ठाम वाटते. चिखलात रुतलेली गाडी ओढताना बैलाचे अंग पुढे झुकते ती तिरपी रेघ. तिच्यात जोर आणि हालचाल असते. शिंगाचा बाक ही वक्र रेघ आणि ओढा ही नागमोडी रेघ. कोणत्या रेघेने पाहणाऱ्याला काय वाटते, हे मुलाला कळू लागले म्हणजे रेषेचा अर्धा धडा झाला.

उरलेला अर्धा धडा रेघेच्या वजनाचा. पेन्सिल दाबली की रेघ जाड होते, हलकी धरली की बारीक. बैलाची पाठ बारीक रेघेने काढावी आणि पोटाखाली थोडा दाब द्यावा, म्हणजे बैल भरलेला दिसतो. सगळीकडे एकाच जाडीची रेघ मारली तर तो पत्र्यातून कापल्यासारखा दिसतो.

सरळ रेघ आणि सरळ तास

पट्टीशिवाय सरळ रेघ ओढायला सांगितली की मुलांचा हात थरथरतो. याचे कारण ती पेन्सिलीच्या टोकाकडे पाहत राहतात. तिफण धरणारा जुना माणूस काय करतो ते आठवा. तो बैलाच्या पायाकडे पाहत नाही. समोरच्या बांधावरचे झाड किंवा रोवलेली काठी नजरेत धरतो आणि चालू लागतो. तास आपोआप सरळ येतो. कागदावरही तेच करायचे. रेघ जिथे संपवायची तिथे एक ठिपका द्यावा, नजर त्या ठिपक्यावर ठेवावी, आणि मनगट न टेकवता खांद्यापासून सगळा हात सरकवावा. आठ-पंधरा दिवस रोज सराव केला की फरक दिसतो.

अजिंठ्याची साक्ष

रेघेची ताकद पाहायची असेल तर आपल्याच जिल्ह्यात अजिंठा आहे. वाघूर नदीच्या वळणावरची ही लेणी. त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीची, तर बरीचशी इसवी सनाच्या पाचव्या शतकातली आहेत. पुढे ती विस्मरणात गेली. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तिथे पोचला आणि जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळले.

ती चित्रे कशी काढली हे शेतकऱ्याला लगेच समजेल. खडकावर मातीचा गिलावा दिला. माती धरून राहावी म्हणून तिच्यात भाताचा तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळले. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला. मग तांबड्या रंगाने आकाराची रेघ ओढली, त्यानंतर रंग भरले आणि शेवटी गडद रेघेने आकार पुन्हा पक्का केला. म्हणजे चित्राची सुरुवात रेघेने आणि शेवटही रेघेनेच. पहिल्या लेण्यात हातात कमळ धरलेला पद्मपाणी आहे. त्याची भुवई, खाली झुकलेली पापणी आणि खांद्याचा उतार पाहा. सगळी करुणा त्या रेघांत आहे. त्याच लेण्यात झुंजणाऱ्या दोन बैलांचेही चित्र आहे. त्यांच्या वाकलेल्या मानांवरून ओळखावे की काढणाऱ्याने बैल जवळून पाहिले होते.

या भिंतींपुढे बसून पुढच्या पिढ्या रेघ शिकल्या. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. पुढे ते नावाजलेले चित्रकार झाले. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर बंगालचे तरुण चित्रकार नंदलाल बोस आले. पुढे भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट याच नंदलालांच्या मार्गदर्शनाखाली झाली.

शेताला याचा उपयोग काय?

आता पोटाचा प्रश्न. रेघ शिकणे म्हणजे नीट पाहायला शिकणे. जमीन पाहणाऱ्याला त्याची गरज मोठी आहे. सरळ तास देखणा खरा, पण तो उताराच्या दिशेने असला तर पावसाचे पाणी त्यातून धावते आणि वरची कसदार माती घेऊन जाते. उताराला आडवी, समपातळीत वळत जाणारी रेघ धरून पेरले तर प्रत्येक तास पाण्याला अडवतो आणि पाणी मुरते. मराठवाड्यातल्या कोरडवाहू जमिनीला हे मुरलेले पाणी फार मोलाचे. इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट आणि तिला ओळंबा लावून ही समपातळी रेघ शेतात आखता येते. ओळंब्याची दोरी आडव्या पट्टीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजायचे आणि तिथे खुंट्या ठोकायच्या. ही रेघ वाकडी दिसते, पण तीच बरोबर असते. जो मुलगा दिसते तसे काढायला शिकला आहे, त्याला जमिनीचा बाक ओळखणे सोपे जाते.

याशिवाय मोजणीचा नकाशा, घराचा आराखडा, यंत्राची आकृती, शिवणकामाचे बेतणे ही सगळी रेघेचीच कामे आहेत.

घरी काय करावे?

१. महागडे साहित्य आणू नका. जुन्या दिनदर्शिकेची कोरी बाजू आणि एक मऊ पेन्सिल पुरे.

२. भेंडी, कणीस, विळा अशी एक वस्तू मुलासमोर ठेवा. कागदाकडे न पाहता, नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखी सावकाश फिरवीत रेघ ओढायला सांगा. चित्र वेडेवाकडे येईल. हसू नका. हा सराव डोळ्यांचा आहे.

३. खोडरबर थोडे दिवस बाजूला ठेवा. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी ओढू द्या.

४. मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन तुम्ही चित्र सुधारू नका.

५. ठिपक्यांच्या रांगोळीला रिकामा उद्योग म्हणू नका. अंगणात रांगोळी घालणारी आई ही घरातली पहिली चित्रकला शिक्षिका असते. मुलींप्रमाणे मुलांनाही तिच्या शेजारी बसवा.

ग्रेड परीक्षा

कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन शासकीय परीक्षा होतात. अर्ज शाळेमार्फत भरतात. चित्रकला शिक्षकांना वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवावे. सध्याच्या नियमाप्रमाणे इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीच्या परीक्षेत श्रेणीनुसार वाढीव गुण मिळतात. पुढे याच विषयात शिकायचे असेल तर छत्रपती संभाजीनगर शहरात शासनाचे कला महाविद्यालय आहे. गावातल्या मुलांनी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही.

प्रत्येक मूल चित्रकार होणार नाही, आणि व्हावे असेही नाही. पण चित्रकलेच्या तासाला गणिताचा जादा वर्ग भरत असेल, तर पालकसभेत उठून एकदा विचारा. आणि येत्या पोळ्याला मुलाला गोठ्यासमोर बसवून आपल्याच बैलाचे चित्र काढायला सांगा. वशिंड कुठे चढते, मानेखालची पोळी कशी लोंबते, हे त्याने पाहिले आहे की नाही ते तुम्हाला लगेच कळेल. दावणीच्या बैलाची पारख तुमच्याइतकी कोणाला आहे?